टांगता मल्लखांब: अधांतरी घडलेल्या बळाचा इतिहास

१/ छताला पट्टे टांगायचे आणि स्वतःच्याच देहभारावर ताकद कमवायची, ही पद्धत आज आधुनिक व्यायामशाळांत लोकप्रिय आहे. तिच्यामागचे तत्त्व मात्र महाराष्ट्राच्या तालमींना नवे नाही. टांगता लाकडी खांब, वेत आणि दोरी ही तेथील साधने. #थ्रेड

२/ खांबाचा इतिहास जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे वर्णन येते. त्यात खांबावरील व्यायामाचाही उल्लेख आहे.

३/ पुढे या विद्येला नवे तेज आले ते पेशवाईच्या अखेरच्या पर्वात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील (१७९६-१८१८) बाळंभटदादा देवधर हे तिचे पुनरुज्जीवक मानले जातात.

४/ परंपरा सांगते की, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटाने मुदत मागितली व तो सप्तशृंगीच्या गडावर गेला. तेथे झाडांवरील वानरांच्या चपळ हालचाली पाहून त्याला खांबावरील पकडी सुचल्या. परतल्यावर त्याने अलीला चीत केले.

५/ ही आख्यायिका आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे. खांब त्याआधी सुमारे ७ शतके ज्ञात होता, हे ‘मानसोल्लास’ सांगतो. म्हणून बाळंभटांचे श्रेय शोधाचे नव्हे, पुनरुज्जीवनाचे. कथेतील एक गोष्ट मात्र अर्थपूर्ण आहे: मल्लखांब ही मुळात कुस्तीची पूर्वतयारी होती.

६/ पुरलेला खांब म्हणजे स्थिर प्रतिस्पर्धी. त्याला अढी घालावी, उडी घ्यावी. तो जागचा हलत नाही. टांगता मल्लखांब आखूड असतो आणि साखळीला लटकतो. पकड घेताच तो झुलतो, गरगर फिरतो. त्यामुळे केवळ दंड-मांड्यांचे बळ पुरत नाही. पोट, कंबर आणि पाठ यांनी क्षणोक्षणी तोल सावरावा लागतो. कुस्तीतील हलत्या प्रतिस्पर्ध्याशी याचे साम्य उघड आहे.

७/ तिसरा प्रकार वेताचा. पुढे वेताची जागा सुती दोरीने घेतली. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून चढायचे आणि कोठेही गाठ न मारता, केवळ वेढ्यांच्या आधारे अधांतरी आसने करायची. वेढा चुकला की आधार सुटला!

८/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. राजाश्रय गेला की अनेक कला मावळतात. मल्लखांब टिकला, कारण तो दरबारापुरता उरला नव्हता. गुरु-शिष्यांच्या परंपरेतून तो तालमी-आखाड्यांत रुजला होता.

९/ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. पुढे स्पर्धांत दोरीचा मल्लखांब हा मुलींचा प्रमुख प्रकार ठरला. पुरुष मल्लांसाठी घडलेल्या विद्येचे हे मोठेच स्थित्यंतर.

१०/ फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली. कुस्तीची पूर्वतयारी म्हणून वाढलेली विद्या आता स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून जगासमोर उभी होती. राज्ये बुडाली, साधने बदलली. तालमीतल्या गुरूने शिष्याच्या हाती दिलेली दोरी मात्र सुटली नाही. (समाप्त)