डोमकळीच्या आत

१८४३ साली दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. नरडाण्याच्या कपाशीत कॅमेरा घेऊन बसलो की मला मात्र त्या सोबतच आठवतात.

इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालाचे नमुने रसायन लावलेल्या कागदावर ठेवले, कागद उन्हात धरले आणि निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंचं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे त्यांनी फुलझाडांचेही असेच छाप काढले. कॅमेरा नाही, भिंग नाही. वनस्पती जेवढी, छाप तेवढाच.

त्याच वर्षी विल्यम सॉंडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या एका बारक्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. भडोचच्या कपाशीची नासाडी करताना तो सापडला होता. हीच आपली गुलाबी बोंडअळी. आणि भडोच काही लांब नाही. नरडाण्याहून सुरतेची गाडी पकडायची, सुरतेहून पुढे तासाभराचा रस्ता.

जवळून पाहायची ही हौस आपल्याकडेही तेव्हाच सुरू होती. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर ते सांभाळायचा. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून झाडाफुलांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच राहिलं, नाव गेलं. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाकडे कुणी नीट पाहिलंच नाही, याचा मला दर वेळी राग येतो. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजींसारखे मराठी फोटोग्राफर तिच्यात होते. पण त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटला एक्सपोजर लांब लागायचं. वाऱ्यावर डुलणारं फूल काही तेवढं थांबत नाही. फुलांचं काम बराच काळ ब्रशकडेच राहिलं.

मॅक्रो लेन्स बाजारात आली ती त्यानंतर शंभर वर्षांनी. १९५५मध्ये किलफिट या जर्मन माणसाच्या कंपनीने पहिली आणली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निकॉनची आली, ती फुलांसाठी नव्हतीच! कागदपत्रांची मायक्रोफिल्म करताना जपानी कांजी अक्षरांच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या, त्या सुट्या दिसाव्यात म्हणून ती केली होती. म्हणूनच निकॉन या लेन्सना ‘मॅक्रो’ऐवजी ‘मायक्रो’ म्हणते. इन्स्टावर गुलाबाच्या पाकळीवर स्प्रेने मारलेले थेंब दिसले की मला त्या जपानी कारकुनांची आठवण येते.

लेन्सचं वचन ॲटकिन्सबाईंच्या कागदासारखंच आहे: एकास एक. फुलातला पाच मिलिमीटरचा भाग सेन्सरवरही पाच मिलिमीटरचाच पडतो. स्वस्त फोनवर ‘मॅक्रो’ म्हणून दोन मेगापिक्सेलचा जो जादा कॅमेरा चिकटवतात, त्यातून हे होत नाही. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याची भिंगं लावलेली बरी. पण या वचनाची किंमत मोजावी लागते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ-८ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटरचा. श्वास सोडला तरी फोकस हलतो.

आता कपाशीचं फूल. आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काळ्या रानात ते हजारोंनी असतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. आज सर्वत्र लावतात त्या अमेरिकी जातीचं फूल सकाळी मलईच्या रंगाचं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग सुकून गळतं. जुन्या देशी कपाशीचं फूल पिवळं असतं, तळाशी गडद लाल डाग. लेन्समधून बोंडावर आणि देठावर काळे ठिपके दिसतात. ती गॉसिपॉल या विषारी द्रव्याची साठवण. कीड-मुंगीने खाऊ नये म्हणून झाडाने स्वतःच केलेला बंदोबस्त.

काही फुलं मात्र उमलतच नाहीत. पाकळ्या टोकाशी एकमेकींना बांधल्यासारख्या, गुलाबाच्या कळीसारखा गुंडा. ही डोमकळी. आत बोंडअळीने रेशमाच्या धाग्याने पाकळ्या शिवून घेतलेल्या असतात आणि ती बसून परागकोश खाते. कोवळी अळी पांढुरकी असते, गुलाबी पट्टे नंतर येतात. पुढच्या पिढीतली अळी कोवळ्या बोंडात शिरते तेव्हा शिरल्याचं भोकही बुजतं. मग बोंड फुटेपर्यंत बाहेरून काही कळत नाही, आणि फुटलं की हातात येते ती डागाळलेली कवडी. म्हणजे हा शत्रू वेळेत डोळ्यांना दिसतो तो याच कळीत.

२००२मध्ये बीटी कपाशी आली, २००६मध्ये दोन जनुकांची आली. बोंडअळी हा शब्द पोरांना सांगावा लागेल असं वाटू लागलं होतं. २०१०मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत एका जनुकाला गुलाबी अळी पुरून उरल्याचं मान्य झालं. २०१७मध्ये महाराष्ट्रात, खानदेशासकट, तिने हंगामच खाल्ला. सॉंडर्सने पतंगाचं वर्णन करून तेव्हा पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

शेजारच्या बांधावरून एका आजोबांनी विचारलं, “डोमकळीना फोटू कसाले काढस रे भो?” मी त्यांना स्क्रीनवर धागा दाखवला. उन्हात तो पाकळीच्या कडेने केसासारखा चमकत होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हा तर शिवणारा शिंपी आहे.

आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे फोटो फिरतात. शंभर फुलांत पाच-दहा डोमकळ्या दिसल्या की फवारणीचा विचार करा, असं कृषी विभाग सांगतो. पण मोजायची कशी, तर आधी ओळखता आली पाहिजे. उन्हाने कोमेजलेलं साधं फूलही लांबून तसंच दिसतं. ओळख चुकली की फवारणी चुकते, आणि औषधाचे पैसे ऐन पोळ्याच्या तोंडावर जातात.

अळीचा फोटो घ्यायचा तर धागा तोडून पाकळ्या उघडाव्या लागतात. मी चिमट्याने एकेक सोडवतो, दोन-तीन फ्रेम घेतो. तोवर काका मागे उभे असतात. डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या असतात, म्हणून त्यांच्या हातात रॉकेलमिश्रित पाण्याची बादली असते. शटरचा आवाज झाला की ते बादली पुढे करतात आणि म्हणतात, “झालं ना? टाक.”