गोष्ट सांगणारी माणसे : आंतरभारती आणि आपला सीमाभाग



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने कोगनोळीतील आम्हां मुलांना एक चांगली सवय लावली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी सारे वर्ग एकत्र बसत आणि कुणी तरी एक गोष्ट सांगे. त्या बैठकीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांची मुले असत, शेतकऱ्यांची असत, मुसलमानांची असत आणि घरी कन्नड बोलणारीही असत. ही गोष्ट आपल्यापर्यंत कुठून आली, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्याचा माग काढावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

हा माग थेट त्रिचनापल्लीच्या तुरुंगापर्यंत जातो. १९३० च्या सत्याग्रहात शिक्षा झालेले पांडुरंग सदाशिव साने तेथे दक्षिणेकडील सत्याग्रह्यांच्या सहवासात राहिले. शेजारी बसलेला देशबांधव, आणि त्याची भाषा मात्र आपणांस परकी, याची खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. तमिळ ‘कुरळ’ त्यांनी मराठीत आणला, तो याच ओढीने. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीने जगाकडे पाहिले. आंतरभारतीने भारतातील प्रांतांना एकमेकांची ओळख करून द्यावी, अशी ती योजना होती. देवळाचे दार आणि भाषेचे दार, दोन्ही उघडण्यामागची प्रेरणा एकच होती. परंतु ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले आणि योजना मागे उरली.

ती योजना पुढे नेली ती माणसांनी. प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि शाळाशाळांतून कथाकथनाचा परिपाठ पडला. त्यासाठी ना रंगमंच लागे, ना तिकीट. एक शिक्षक, एक सतरंजी आणि ऐकणारी मुले असली की कथामाला सुरू होई. यदुनाथ थत्ते (१९२२–१९९८) यांनी ‘साधना’च्या संपादनाबरोबर आंतरभारतीचा प्रचार जन्मभर केला. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तोच विचार नृत्य, गीत आणि लोकनाट्यांतून गावोगाव नेला. वसंत बापटांची लेखणी, लीलाधर हेगडे यांचा शाहिरी आवाज आणि सुधा वर्दे यांचे नृत्य यांतून ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ यांसारखे कार्यक्रम साकारले. निळू फुले हेही याच कलापथकाचे.

त्यापूर्वीच, १९४४ मध्ये, लाल बावटा कलापथक निघाले होते. वाटेगावच्या मातंग कुटुंबातले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे मुसलमान शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर असे त्रिकूट तेथे एकत्र आले. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे मतभेद तीव्र होते, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोघेही एका व्यासपीठावर आले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आपल्या गावात टाळून चालणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणीसह आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. ज्या साने गुरुजींच्या अनुयायांनी आंतरभारती सांगितली, त्यांचेच एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या अग्रभागी होते. मग हे दोन्ही एकत्र कसे नांदले? माझ्या मते यात विसंगती नाही. आपल्या भाषेत शिकण्याचा आणि कारभार चालण्याचा हक्क मागणे हे एक. शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष करणे हे सर्वस्वी दुसरे. त्या माणसांनी पहिले केले आणि दुसऱ्याला थारा दिला नाही.

इतिहासही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यानंतरच १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी; त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो कन्नड काव्यासाठी.

आता एक कबुली. हे सारे मी वर्गात पस्तीस वर्षे शिकवले. कन्नड मला बोलता येत होती. बाजारहाट आणि शेजारपाजार तिच्यावर चाले. पण लिपी शिकलो नाही. त्यात कसला तरी सीमावासीयाचा अभिमान आहे, अशी माझी समजूत होती. निवृत्तीनंतर नातीच्या पाटीवरून ती लिपी गिरवली आणि चाचपडत बेंद्रे वाचू लागलो, तेव्हा उमगले की त्या अभिमानाने मराठीचे कणभरही रक्षण झाले नव्हते. गेली ती माझीच चाळीस वर्षे. गोष्ट मी बालपणी ऐकली होती, पण तिचा अर्थ घेतला नव्हता.

सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकाल लागेल तेव्हा लागेल, त्याबाबतचे माझे मत बदललेले नाही. परंतु दूधगंगेच्या अलीकडे-पलीकडे वाढणाऱ्या मुलांनी तोवर एकमेकांना अनोळखी राहावे, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. शनिवारची ती गोष्ट पुन्हा सुरू करावी, एक आठवडा मराठी आणि एक आठवडा कन्नड, अशी माझी शाळेला विनंती आहे. या व्याख्यानाचे मानधन दोन्ही भाषांतील बालपुस्तकांसाठी शाळेच्या ग्रंथालयास मी नम्रपणे अर्पण करतो. पहिली गोष्ट सांगायला मला बोलावले, तर मी आनंदाने येईन. कन्नडच्या शनिवारी बोलावले, तर अधिक आनंदाने. मुलांनी माझे उच्चार सुधारावेत.