हरिपूरचीं पेवें

एखाद्या धंद्यांत एकाएकीं गर्दी उसळली कीं त्या धंद्याचें 'पेव फुटलें' असें म्हणण्याचा मराठींत परिपाठ आहे. शहरांतील पुष्कळ सुशिक्षितांनीं हा वाक्प्रचार शेंकडों वेळां वापरला असेल. परंतु प्रत्यक्ष पेव पाहिलेले त्यांत थोडेच. जमिनीच्या पोटांत खणलेलें कोठार तें पेव. तोंड माणूस आंत उतरेल एवढेंच अरुंद, आणि खालीं पोट मात्र रांजणासारखें ऐसपैस. दख्खनच्या पठारावर जोंधळा असाच पुरून ठेवीत. दुष्काळांत तो माणसांचा जीव वाचवी. आणि धामधुमीच्या काळांत लुटारूंची पहिली धावहि पेवांकडेच असे. धान्याचीं पेवें गेलीं, वाक्प्रचार राहिला. मात्र सांगलीजवळच्या हरिपुरांत पेव हा शब्द अगदीं अलीकडेपर्यंत रोजच्या व्यवहारांतला होता, आणि तेथील पेवांत जोंधळा नव्हे, हळद ठेवली जात असे.

सातारा व सांगली हे दोन जिल्हे मूळचे एकाच घरचे. 1949 मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. खाण्यापिण्याची कीर्ति या दोघां भावांनीं वाटून घेतली आहे. साताऱ्याचे कंदी पेढे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगांवकडचा वाघ्या घेवडा हीं एकीकडे. तासगांवचा बेदाणा आणि सांगलीचें भडंग हीं दुसरीकडे. पेढे पाहुण्याच्या हातीं पडतात, भडंग प्रवाशाच्या पिशवींतून दूर जातें, म्हणून त्यांचा बोलबाला अधिक. हळद बिचारी रोजच्या फोडणींत विरून जाते. तिचें गांव कोण विचारतो?

तें गांव सांगली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मिरजेच्या चुलत्यांपासून वेगळें होऊन 1801 मध्यें सांगलीस आपली गादी स्थापिली, तेव्हां तें कृष्णाकांठचें एक लहानसें खेडें होतें. पुढें तेथें पेठ वसली, व्यापारी आले, आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांतील हळद व गूळ यांची ती मोठी उतारपेठ बनली. राजापुरी जातीची हळद येथें प्रसिद्ध. गुजराथ व राजस्थानकडील घरांतून तिला फार मागणी असते.

हळदीचें पीक धीराचें. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेले गड्डे नऊ महिने जमिनींत राहतात, आणि माघ-फाल्गुनांत काढणी होते. नंतर काहिलींत शिजविणें, पंधरवडाभर उन्हांत वाळविणें, घोळून चकाकी आणणें, हे सोपस्कार. हे सर्व करून बाजारांत आलें कीं सर्वांचाच माल एकदम आलेला असतो आणि भाव बसलेला असतो. ज्याला थांबतां येईल त्यालाच चार पैसे सुटतील. पण थांबावें कसें? वाळलेल्या हळकुंडाला पावसाळ्याची सर्द हवा लागली कीं कीड धरते, आणि मग आंतून पीठ होऊन बाहेर नुसतें साल उरतें. या अडचणीवर हरिपुरानें तोड काढली.

हरिपूर हें कृष्णा व वारणा यांच्या संगमावरचें गांव. नाट्यरसिकांना तें गोविंद बल्लाळ देवलांचें गांव म्हणून माहीत आहे, भाविकांना संगमेश्वरासाठीं. हळदीच्या व्यापाऱ्यांना मात्र तें तिथल्या मातीसाठीं. ही माती घट्ट, चिवट. वीस-पंचवीस फूट खोल खणलें तरी ढांसळत नाहीं, आणि आंत ओल झिरपूं देत नाहीं. खणलेल्या पेवाला उसाचा पाला व वैरण यांचें अस्तर द्यावयाचें, मधोमध हळद ओतावयाची, वर पुन्हां पाला अंथरून तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. कोंडलेल्या हवेंतला प्राणवायु हळूहळू संपतो व किडीला जगणें अशक्य होतें. वर्षेंच्या वर्षें माल जसाच्या तसा राही. मुरल्यानें रंग अधिक खुलतो, असेंहि व्यापारी सांगत. कोणतेंहि औषध नाहीं, धुरी नाहीं, खर्च तो खणावळीचा व पाल्याचा.

मात्र जी हवा किडीला मारी तीच माणसालाहि मारील, हें खणकऱ्यांना पक्कें ठाऊक होतें. पेव उघडलें कीं लगेच आंत उतरावयाचें नाहीं. तोंड कांहीं तास मोकळें ठेवावयाचें, मग कंदील सोडून पाहावयाचें. कंदील विझला तर थांबावयाचें. शास्त्राची पदवी नसलेल्या माणसांची ही प्रयोगशाळा होती, असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति नाहीं. पेवांतल्या मालाच्या भरंवशावर कर्जहि मिळे. माल जमिनीखालीं निवांत, आणि त्याची खरेदी-विक्री मात्र वर पेठेंत चालू.

हळदीच्या गुणांवरून एकदां थेट अमेरिकेंत तंटा झाला. तिच्यानें जखम भरते हा आपला नवा शोध म्हणून तेथील एका विद्यापीठाला 1995 मध्यें एकस्व मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लेख पुरावा म्हणून पुढें मांडले, आणि 1997 मध्यें तें रद्द झालें. लिहून ठेवलेल्या विद्येचा हा विजय. पेवाची विद्या मात्र खणकऱ्यांच्या हातांतच राहिली होती.

आणि मग नदीच चालून आली. 2005 च्या पावसाळ्यांत कृष्णेला महापूर आला. ज्या मातीनें पिढ्यान्‌पिढ्या ओल अडविली तिच्यावर दिवसचे दिवस पाणी उभें राहिलें. पेवांच्या तोंडांतून तें आंत शिरलें. हळद कुजली, भिंती खचल्या, बहुतेक पेवें गाळानें भरून निकामी झालीं. 2019 च्या ऑगस्टांत तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलें. धोक्याची पातळी तेथें 45 फुटांची आहे. नदीकांठीं पुन्हां खणण्याची उमेद कोणास राहावी?

यांतील दैवदुर्विलास असा कीं, 'सांगलीची हळद' या नांवाला भौगोलिक मानांकन मिळालें तें 2018 मध्यें, म्हणजे पेवें बुडाल्यावर तेरा वर्षांनीं. आणि तें मागतांना हळदीच्या केशरी रंगाबरोबर पेवांतील साठवणीचें वैशिष्ट्यहि पुढें करण्यांत आलें होतें. नांवाचा कागद हातीं आला तेव्हां हळद गोदामांत व शीतगृहांत जाऊन पोंचली होती. शीतगृहाला वीज लागते, भाडें लागतें, आणि भाव येईपर्यंत तें भाडें सोसणें ज्याच्या आवांक्यांत नाहीं तो शेतकरी फाल्गुनांतच, मिळेल त्या भावानें, पोतीं उतरवून मोकळा होतो.