एस.टी. : लोकसेवा आणि व्यापारी तत्त्व

मुंबई राज्यातील प्रवासी वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचे स्मरण १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी. गाडीच्या निमित्ताने कौतुकाने केले जाते; त्यामागील कायद्याची चौकट मात्र दुर्लक्षित राहते. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमातील कलम १८ ने कार्यक्षम, पुरेशी व काटकसरीची सेवा पुरविण्याचे कर्तव्य सांगितले, तर कलम २२ ने व्यापारी तत्त्वांवर कारभार करण्याचे बंधन घातले. आडवळणाच्या गावी मुक्कामी जाणारी गाडी पहिल्या कलमाची. तोट्यातील फेरी बंद करण्याचा प्रस्ताव दुसऱ्याचा. तालुक्याला शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे याच मुक्कामी गाडीने येत. हिशेबाच्या कोणत्या रकान्यात ते मांडावेत?

१९६० च्या राज्यविभाजनानंतरही हा पेच सुटला नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणाची मागणी केली, तेव्हा खऱ्या अर्थाने कलम २२ च पणाला लागले होते. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. सवलत शासन जाहीर करते, तिची प्रतिपूर्तीही शासनानेच करावयाची असते. ती लांबली की चालक-वाहकांचे वेतन लांबते.