दमास्कसचा चाकू आणि दख्खनचे पोलाद

घडीचा एखादा देखणा चाकू घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढे दुकानदार हल्ली एक नाव हमखास टाकतो : दमास्कस. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी काळी-पांढरी नक्षी असते आणि नावाला दूरदेशीचा दरारा असतो. गिऱ्हाईक घासाघीस करावयाचे विसरते. वास्तविक दमास्कस ही बाजारपेठ. ज्या पोलादावर तिची कीर्ती उभी राहिली, त्यातील उत्तम माल दक्षिण हिंदुस्थानातून बाहेर जात असे.

धारेची पारख भीमेच्या खोऱ्याला फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले, तेव्हा इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. या लोकांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मिळ. रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनी नावाच्या गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती असत. दगडाला आधी एक कड पाडावयाची आणि तिच्या अनुरोधाने सरळ, समांतर धारांची पाती सोलून काढावयाची, अशी त्यांची रीत होती. पाते बोथट झाले की फेकून द्यावे. दगड मुबलक होता.

पुढे लोखंडाचे युग आले आणि हा मुलूख परावलंबी झाला. शिरूर-दौंडची भूमी काळ्या फत्तराची. भट्टीला योग्य असे खनिज तीत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या बाजूस, जांभ्या दगडातून धावड लोक लोखंड गाळीत. गावोगाव फिरणारा घिसाडी वेशीबाहेर भाता मांडून विळे, खुरपी आणि सुऱ्या घडवून देई. मात्र उंची पोलाद त्याच्या आटोक्याबाहेरचे होते. ते पूर्वेस तेलंगणात होत असे.

निजामाबादच्या मुलखातील कोनसमुद्रम हे त्या धंद्याचे एक प्रख्यात ठाणे. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालून, बरोबर थोडे लाकूड किंवा पाला टाकून, तोंड लिंपून ती मूस भट्टीत तासन् तास तापवीत. लोखंड कर्ब शोषून घेई व वितळे. मग मूस अगदी सावकाश निवू देत, आणि साऱ्या कौशल्याचे मर्म या सावकाशपणात होते. शेकडा सुमारे दीड भाग कर्ब असलेले हे पोलाद बेताच्या आचेवर ठोकले म्हणजे आतील कठीण कण ओळीने मांडले जात आणि पात्यावर लाटा उमटत. त्या लाटांनाच जौहर म्हणत. अशी नक्षी घेणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते, असे तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकातच नमूद केले होते. इराणी व्यापारी तर खुद्द कोनसमुद्रमला येऊन माल निवडीत. गंमत अशी की, शेजारचे मराठे सरदार मात्र पुष्कळदा विलायती पात्याची तलवार कमरेला लावीत. तिचे नावच फिरंग.

या पोलादाचा प्रवास अखेर एका लहानशा चाकूपर्यंत येऊन पोहोचला. 1794 साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. इंग्रजांनी त्याला 'वुट्झ' म्हटले. मूळ कानडी 'उक्कु' असावे असे मानतात. दुसऱ्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी या धातूवर निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकाराने एक तुकडा ठोकून लेखणी तासावयाचा चाकू घडवला. ठोकताना हात दुखून आले असतील, कारण हा धातू फार हट्टी. पण धार उत्कृष्ट उतरली. स्टोडार्ट पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत या हिंदी पोलादाचीच थोरवी सांगू लागले. लोहाराचे पुत्र मायकेल फॅरडे यांच्यासह त्यांनी त्याचे रहस्य उकलण्याचे प्रयोगही केले.

लेखणीचा चाकू इकडेही अपरिचित नव्हता. कुलकर्ण्याच्या किंवा पेशवाईतील कारकुनाच्या कलमदानात दऊत आणि बोरू यांच्यासोबत चाकू असेच. बोरूचे टोक बिघडले तर अक्षर बिघडे, आणि मोडीसारख्या धावत्या लिपीत ते विशेष जाणवे.

पण काळ उलटला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला इंग्रजांची छावणी पडली. 1856 मध्ये बेसेमरच्या युक्तीने पोलाद स्वस्त झाले, आणि 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तोवर शेफील्डचा माल हिंदुस्थानात सर्वत्र खपत होता. तेलंगणातील मुशी थंडावल्या. ती विद्या लेखी नव्हती, कारागिरांबरोबर गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हरहोव्हन आणि पेंड्रे यांनी प्रयोगांनी दाखविले की, नक्षी उमटण्यास खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही कारण असावा. एवढ्याशा अंशावर शतकांची कीर्ती तोलली होती!

आज 'दमास्कस' म्हणून जे विकले जाते ते बहुधा निराळेच असते. दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून, दुमडून एकजीव करतात आणि तेजाबाने ते थर उठवून दाखवितात. हेही कसबाचे काम आहे, त्याला खोटे म्हणता येत नाही. खोटे ते, ज्यात साध्या पात्यावर नक्षी नुसती छापलेली असते. पात्याची पाठ पाहावी. रेषा तेथूनही वळून दुसऱ्या बाजूस गेल्या असतील तर थर खरे. नंतर चाकू मिटून पाहावा. पाते दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्ये बसावे, उघडल्यावर बाजूस हलू नये आणि कमानीने ते घट्ट धरावे. मूठ शिसवीची असो की पितळेची, हातात जड होऊ नये. शिरूर-दौंडच्या फडात ऊस तोडणारा कोयत्याची नक्षी पाहत नाही, धार आणि दांडा पाहतो. त्याची नजर खिशातल्या चाकूलाही उसनी घेण्याजोगी आहे.

आणि असा चाकू घरी आणल्यावर त्याने कैरी किंवा लिंबू चिरले तर तो लगेच पुसावा. आंबटाने नक्षी काळवंडते आणि कर्बयुक्त पोलाद लवकर गंजते. कोरडे फडके आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब, इतके त्याला पुरते.