‘गॉड पार्टिकल’ हे नाव कुठून आलं? त्यात देव किती आणि विनोद किती?

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेने एक नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं शास्त्रीय नाव हिग्ज बोसॉन. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडलं ते दुसरंच नाव: ‘गॉड पार्टिकल’. मराठी बातम्यांमध्ये त्याचा ‘देवकण’ झाला.

या नावामुळे दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरू लागले. एकात विज्ञानाने देव सिद्ध केला होता, तर दुसऱ्यात देवाची गरजच संपवली होती. देवाचं नाव घेऊन शास्त्रज्ञ श्रद्धेची थट्टा करतायत, असंही अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात यातलं काहीच झालेलं नव्हतं. मग झालं काय होतं?

हिग्ज बोसॉन म्हणजे काय?

इलेक्ट्रॉनसारख्या मूलभूत कणांना वस्तुमान कुठून मिळतं, हा भौतिकशास्त्रातला जुना प्रश्न. १९६४ मध्ये पीटर हिग्ज, फ्रांस्वा आँग्लेर आणि इतर काही शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे त्याचं उत्तर सुचवलं: सगळ्या अवकाशात एक अदृश्य क्षेत्र पसरलेलं आहे. जो कण त्या क्षेत्राशी जास्त गुंततो, त्याचं वस्तुमान जास्त. प्रकाशाचा कण त्याच्याशी गुंततच नाही, म्हणून त्याला वस्तुमान नाही. हे क्षेत्र खरं असेल तर त्याची खूण म्हणून एक कण सापडायला हवा होता. तोच हिग्ज बोसॉन.

यातला ‘बोसॉन’ हा शब्द भारतीय शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला आहे. हा कण ज्या दोन प्रयोगांमध्ये सापडला, त्यातल्या ‘सीएमएस’ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

‘या कणामुळेच सगळ्या वस्तूंना वजन आहे’ असं अनेकदा सांगितलं जातं. तेही अर्धवटच. तुमच्या-आमच्या शरीराचं बहुतेक सगळं वस्तुमान येतं ते प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेतून. हिग्ज क्षेत्राचा त्यातला थेट वाटा अगदी थोडा आहे.

मग ‘गॉड’ कुठून आला?

नोबेल विजेते अमेरिकी शास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांनी १९९३ मध्ये डिक टेरेसी यांच्यासोबत सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘द गॉड पार्टिकल’. लेडरमन विनोदी स्वभावाबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी गमतीत सांगितलेलं कारण असं, की त्यांना खरं तर ‘गॉडडॅम पार्टिकल’ म्हणायचं होतं, पण प्रकाशकाने ते चालू दिलं नाही.

‘गॉडडॅम’ ही वैतागून दिलेली शिवी आहे. किल्ली शोधून शोधून थकल्यावर आपण ‘मेली कुठे गेली कोण जाणे’ म्हणतो, तशातली. कण सापडत नव्हता आणि त्याच्या शोधावर पाण्यासारखा पैसा जात होता, म्हणून हा वैताग. शिवीतला ‘डॅम’ गळला आणि ‘गॉड’ तेवढा उरला!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तेव्हा अमेरिकेत टेक्सासमध्ये एक अवाढव्य यंत्र बांधायचं काम सुरू होतं आणि लेडरमन त्याचे मोठे समर्थक होते. लोकांचं लक्ष वेधून घेणारं शीर्षक त्यांना हवंच होतं. यंत्र मात्र वाचलं नाही. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने तो प्रकल्प रद्द केला. नाव तेवढं टिकलं. या शीर्षकाने देव मानणारे आणि न मानणारे असे दोन्ही गट दुखावले, असं लेडरमन यांनी पुढे स्वतःच गमतीने लिहिलं.

खुद्द हिग्ज यांचं म्हणणं काय होतं?

पीटर हिग्ज नास्तिक होते. तरीही त्यांना हे नाव आवडत नसे. हा विनोद आहे, हे लोकांना समजावत बसावं लागतं, अशी त्यांची तक्रार होती. शिवाय अशा नावांशी खेळल्याने श्रद्धावान माणसं विनाकारण दुखावू शकतात, असंही त्यांना वाटत असे.

म्हणजे जो स्वतः देव मानत नव्हता, त्यालाच दुसऱ्याच्या श्रद्धेची काळजी वाटली. आणि त्यासाठी त्यांना आपल्या विज्ञानातला एक शब्दही मागे घ्यावा लागला नाही. त्यांचा आक्षेप वेष्टनाला होता, आतल्या मालाला नव्हे.

सनसनाटी बातम्यांची किंमत

हा कण शोधणारं ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’ हे यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झालं. त्याआधी काही दिवस आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांवर ‘जगाचा अंत होणार का?’ अशा धर्तीचे कार्यक्रम सुरू होते. मध्य प्रदेशात एका १६ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. या बातम्या पाहून ती फार घाबरली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितल्याचं वृत्त तेव्हा आलं होतं.

खरं तर त्या दिवशी कणांची टक्कर घडवलीच जाणार नव्हती. २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनचा झोत फक्त फिरवून पाहायचा होता. अवकाशातून येणारे वैश्विक किरण पृथ्वीवर यापेक्षाही जास्त ऊर्जेने कोट्यवधी वर्षं आदळत आले आहेत, हेही शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं. पण भीतीपुढे ते कोण ऐकणार?

नटराजासमोरचा तो व्हिडिओ

सर्नच्या आवारात नटराजाची सुमारे दोन मीटर उंच मूर्ती आहे. भारत सरकारने ती २००४ मध्ये भेट दिली. कणांची सतत चाललेली हालचाल आणि शिवाचं तांडव यांतलं साम्य सुचवणारी ही भेट होती.

ऑगस्ट २०१६ मध्ये एक व्हिडिओ व्हायरल झाला. रात्रीची वेळ, काळे झगे घातलेली माणसं आणि याच मूर्तीसमोर एका स्त्रीचा ‘बळी’. तो बनाव होता. परवानगी न घेता हा प्रकार केल्याचं सांगून सर्नने अंतर्गत चौकशी सुरू केली. तिथे काम करायला येणाऱ्यांपैकी काही जणांची थट्टा कधी कधी हद्दीबाहेर जाते, अशा अर्थाचं स्पष्टीकरणही दिलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पूज्य मूर्तीसमोर नरबळीचं नाटक केलं म्हणून कुणाला राग आला, तर ते समजण्यासारखं आहे. पण ‘सर्नमध्ये नरबळी देतात’ हा मेसेज धादांत खोटा आहे. रागाच्या भरात तो पुढे पाठवणारा त्याच थट्टेला हातभार लावत असतो.

पुढच्या वेळी असा मथळा दिसला तर?

– मथळ्यातला ‘देव’ किंवा ‘आत्मा’ हा शब्द काढून बातमी पुन्हा वाचा. काहीच उरलं नाही, तर तिथे मुळात बातमी नव्हतीच.
– तो शब्द मूळ संशोधनात आहे, की पुस्तक, चॅनल किंवा पेज चालवणाऱ्याने घातला आहे, हे पाहा.
– विनोद असेल तर तो कुणावर आहे ते पाहा. लेडरमन यांचा विनोद न सापडणाऱ्या कणावर होता, कुणाच्या देवावर नव्हता.
– ‘विज्ञानाने आपला धर्म सिद्ध केला’ हा मेसेज आवडला, तरी त्यालाही हीच कसोटी लावा. आनंद देणारा खोटा मथळाही खोटाच असतो.

हिग्ज बोसॉनने देव आहे असं सांगितलं नाही आणि नाही असंही सांगितलं नाही. तो प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.