अडलेल्याला आधार : वारी, कर्ज आणि आपलं खोरं



दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास सांगायचा म्हटला, की विणेकरी कोण होते, मुक्काम कुठे पडायचे, शिधा कोण द्यायचं, हे ओघानं येतंच. ते या अंकात इतरत्र आलंच आहे. पण आमच्या मते आणखी एक इतिहास आहे. तो कुठल्याही वहीत लिहिला गेला नाही. नेहमीचा वारकरी एखाद्या आषाढीला दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, "आवणी राहिलीय." पण खरं कारण बरेचदा आवणीच्या पलीकडचं असतं. कुठे देणं झालेलं असतं, कुठे आजारपणानं घर रिकामं केलेलं असतं, कुठे लेकीच्या लग्नाचं कर्ज मानेवर बसलेलं असतं. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून माणूस दिंडीत येत नाही.

ही लाज आजची नाही. ती थेट देहूपासून चालत आली आहे.

तुकोबारायांचं घर वाणसवद्याचं, महाजनकीचं. लोकांना कर्ज देणारं घर. शके १५५१-५२ चा, म्हणजे इसवी सन १६२९-३० चा मोठा दुष्काळ पडला आणि सगळं गेलं. दिवाळं निघालं, मान गेला, थोरल्या पत्नी रखुमाई अन्नावाचून गेल्या. हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवलं आहे. चारचौघांत उभं राहून ते आपलं दिवाळं सांगतात, लपवत नाहीत. एवढ्या थोर संताला जे सांगायला संकोच वाटला नाही, ते आपण का झाकावं?

पुढची हकिगत महिपतीबुवांनी लिहिली आहे. महिपतीबुवा आपल्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. ते सांगतात, की कोणी दारात उभं करेना तेव्हा जिजाईंनी आपल्या नावावर पैसे उभे करून तुकोबांना पुन्हा धंद्याला लावलं. जिजाईंच्या रागाच्या गोष्टी आपण कीर्तनात हसत ऐकतो. पण बुडत्या घरासाठी आपली पत गहाण ठेवणारी पहिली माणूस तीच होती, हे कमी सांगितलं जातं. आजही आपल्या वाड्यावस्त्यांवर बचत गटाच्या वहीत अंगठा किंवा सही कोणाची असते? घरच्या बाईचीच.

आणि मग ती खतं. घरातल्या कर्जखतांची वाटणी झाली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, आपलं होतं तेवढं सोडलं. ज्यांनी दुष्काळात कर्ज घेतलं होतं ती कुळं त्या दिवशी मोकळी झाली. देणेकऱ्याचं दुःख काय असतं ते भोगलेल्या माणसानं हे केलं. आमच्या समजुतीनं मदतीचा पहिला धडा हाच आहे.

आता आपल्या डोंगराकडे वळू. सह्याद्रीच्या या बाजूला पावसाचं एकच पीक. भात, नागली, वरई. भादवा येईपर्यंत कणगी तळाला जाते आणि नवं पीक हाती यायला दिवाळी लागते. ते मधले महिने सावकाराचे. इंग्रजी अमलात सारा रोख भरावा लागे आणि सावकाराचं खत कोर्टात चाले, त्यामुळे फास आवळत गेला. राजूरजवळच्या देवगावचे आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे याच काळात उठले. १८४४-४५ च्या सुमारास त्यांच्या बंडानं इंग्रज आणि सावकार दोघांची झोप उडवली. सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी इंग्रजांच्या गॅझेटियरात आहेत. जानेवारी १८४८ मध्ये राघोजींना पकडलं, ते कुठे? पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आपल्या खोऱ्यातला माणूस शेवटी विठुरायाच्या गावात सापडला, हे आठवलं की आजही मन हलतं. दाद मागायला एकही दार उघडं राहिलं नाही, तर माणूस शस्त्र उचलतो, एवढं त्यातून कळावं.

पुढे १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. ते लोण आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आलं. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. नुसतं खत बघून निकाल न देता व्यवहार मुळापासून तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं थांबलं.

तरी कायद्यानं फास सैल होतो, चूल पेटत नाही. त्यासाठी पैसा लागतो, आणि तो माणसांनी एकत्र येऊन उभा केला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपली प्रवरा खाली जिथून वाहते, त्या लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली शेतकऱ्यांची पतपेढी काढली. पुढे त्याच गावच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकट्याला कोणी पत देत नव्हतं, गावाला मिळाली.

वरच्या आदिवासी गावांना मात्र याचा फायदा उशिरा मिळाला. पीक शेतात उभं असतानाच ते पडत्या भावात लिहून घेऊन पैसे द्यायचे, याला पालेमोड म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना तो शब्द उच्चारायला आजही आवडत नाही. १९७६ च्या कायद्यानं पालेमोडीला बंदी झाली. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी सुरू झाली, पावसाळ्यातल्या रिकाम्या कणगीसाठी खावटी कर्ज आलं. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय तर आपल्या राजुरातच आहे.

आजचं संकट वेगळ्या वेशात येतं. धोतरातला सावकार गेला, मोबाइलवरचं झटपट कर्ज आलं. दर आठवड्याला हप्ता न्यायला येणारी फायनान्सची माणसं आली. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या झाल्या, पण त्या बँकेच्या शेतीकर्जापुरत्या. सावकाराचं, दुकानाचं, दवाखान्याचं देणं जागच्या जागी राहिलं. म्हणून आम्ही आमच्या माणसांना जे सांगतो, ते इथेही लिहून ठेवतो.

पहिलं, घरात सांगा. दुसरं, कोणाचं किती देणं आणि काय व्याज, हे सगळं एका कागदावर उतरवा. भीती मनात मोठी असते, कागदावर ती मोजता येते. तिसरं, जुनं फेडायला नवं कर्ज काढू नका. बँकेत किंवा सोसायटीत स्वतः जाऊन हप्ते पुढे ढकलून मागा. चौथं, सावकाराचा परवाना बघायला मागा. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती ती परत मिळू शकते. पाचवं, अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विचारा.

हे सगळं खरं, पण अडलेला माणूस एकटा कचेरीची पायरी चढत नाही. त्याचे पाय थरथरतात, साहेबापुढे शब्द फुटत नाही. तिथे दिंडीचं काम सुरू होतं. कोणी गाडीभाडं द्यावं, ज्याला लिहिता येतं त्यानं अर्ज लिहावा, कोणी नुसतं सोबत बसावं. आणि त्याची गोष्ट गावभर करू नये. आपण एकमेकांच्या पाया पडतो ती माणसं आहोत. पाया पडायचं आणि पाठीमागे हसायचं, हे माळकऱ्याला शोभत नाही. वारीच्या वर्गणीचंही तसंच. ज्याला जमत नाही त्याला विचारू नये, पंगतीत मात्र आधी बसवावं.

सप्ताहात वीणा कधी जमिनीला टेकू देत नाहीत. एकाचा पहारा संपला, खांदे दुखले, की दुसरा उठतो आणि गळ्यात घेतो. दमलेल्याला कोणी नावं ठेवत नाही. यंदाच्या आषाढीला आपल्यातलं कोण आलं नाही ते आठवून बघा, माउली. अंक मिटला की त्याच्या घरी जाऊन या.